आधी ब्रेक, शेवटी वेग

पुण्यात असताना चारुदत्त मराठे आंब्याची पेटी घरी आणायचा, तेव्हा आधी तिचे खिळे उपटून डब्यात ठेवायचा, मग गवत झटकून पिशवीत भरायचा, मग कडक, अर्धे, पिकले असे आंबे ओळीने लावायचा. एवढं होईपर्यंत त्याची बायको दाराआड उभी राहून एक आंबा चोखून मोकळी झालेली असायची. त्याला क्रम हवा, तिला आंबा हवा. या दोघांचं जमलं कसं, असं लोक विचारायचे. पण जमलं होतं, आणि चांगलं जमलं होतं.

बायको, म्हणजे सुलेखा, कोल्हापूरची. वडिलांची येझदी मोटारसायकल होती. कॉलेजात जायच्या आधीपासून ती पोरगी पन्हाळ्याच्या घाटात ती येझदी पिळायची आणि घरी येऊन आईच्या शिव्या खायची. पुढे फार्मसी केली, लग्न झालं, नवऱ्याबरोबर न्यूझीलंडला आली, ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात औषधं द्यायला लागली. वेगाची हौस मात्र गेली नाही. ते राहायचे त्या न्यू लिनच्या उतारावर साधी भाजी आणायची गाडीसुद्धा ती अशी सोडायची, की मागे बसलेली श्रिया, त्यांची मुलगी, "मॉम, स्लो डाउन" म्हणून ओरडायची आणि चारुदत्त न बोलता दाराचा दांडा पकडायचा.

चारुदत्तचं दुःख वेगळं होतं. भोसरीतल्या इंजिनांच्या कारखान्यात तो टेस्ट सेलवर होता. काचेपलीकडे इंजिन गर्जतंय, अलीकडे हा आकडे बघतोय, अशी त्याची उमेदीची वर्षं गेली. न्यूझीलंडला आल्यावर कळलं, की इथे इंजिनं कुणी बनवत नाही, ती बाहेरून येतात. मग उंच इमारतींमधली थंड हवा सांभाळणाऱ्या एका कंपनीत तो लागला. नोकरी वाईट नव्हती. माणसं चांगली, पाच वाजता घरी. पण संध्याकाळी दारात बसून तो बुटांच्या नाड्या सोडायचा, तेव्हा त्याचा चेहरा बघवत नसे. बोलावं तर हूं, विचारावं तर काही नाही. असा माणूस घरात असणं आणि नसणं सारखंच, आणि सुलेखाने ते कितीतरी वर्षं सोसलं.

दोन हजार बारा साली संध्याकाळच्या अंधुक उजेडात सुलेखाला रस्त्याकडेची माणसं दिसेनाशी झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पडद्याचा आजार आहे, रक्तातून आलेला. नजर कडेकडेने मिटत जाणार, बोगद्यातून बघितल्यासारखं होत जाणार. औषध नाही. दहा वर्षं सहज निघतील, पण प्रत्येकाचं वेगळं असतं, काहींचं फार लवकर जातं. एवढं सगळं डॉक्टर बोलले, आणि चारुदत्तने त्यातलं 'दहा वर्षं' तेवढं ऐकलं. इंजिनियर माणूस. आकडा हाती लागला की त्याला धीर येतो, मग तो आकडा कसा का असेना.

सुलेखा एक दिवस न्हाणीघरात नळ सोडून रडली. पुढच्या रविवारी सँडरिंगहॅमला किराणा घ्यायला गेले असताना, कोथिंबिरीची जुडी हातात धरून ती त्याला म्हणाली, "चारू, मला एक गाडी हवीय. पळणारी. आणि ती मला एकदा ट्रॅकवर पळवायचीय, मनसोक्त. डोळे आहेत तोवर."

एवढंच मागणं होतं तिचं. घर नको, दागिना नको, परत जाऊया म्हणून हट्ट नाही. चारुदत्त त्यावर लगेच हो म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

गाडी मिळाली ऑकलंडच्याच पापाटोएटो भागात. जपानहून आलेली, वापरलेली, राखाडी रंगाची स्टेशन वॅगन. दिसायला पोराबाळांना शाळेत सोडणारी, पण पोटात टर्बो. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुराच्या जोरावर फिरणारा एक पंखा, जो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, आणि मग गाडी पेटून उठते. सुलेखाने ती स्वतः चालवत घरी आणली. हायवेच्या चढणीवर तिने पाय दाबला, बॉनेटखालून एक बारीक शिट्टी उठली आणि पाठ सीटला चिकटली.

"नाद खुळा," सुलेखा म्हणाली. किती दिवसांनी तिच्या तोंडून कोल्हापूर बाहेर पडलं होतं.

चारुदत्त कान टवकारून बसला होता. "हवा गळतेय कुठेतरी," तो म्हणाला. "रबरी होज जुना झालाय."

ऑकलंडच्या दक्षिणेला तासाभरावर हॅम्प्टन डाउन्सचा ट्रॅक आहे. उन्हाळ्यात तिथे असे दिवस असतात, की कुणीही हेल्मेट घालून आपली गाडी पळवावी. सुलेखाला त्याच महिन्यात जायचं होतं. चारुदत्तने कपाळाला हात लावला. ही अशी, या अवस्थेतली गाडी ट्रॅकवर? मग त्याने तिला क्रम सांगितला. आधी टायर आणि ब्रेक, कारण जी गाडी थांबत नाही ती पळवायची नसते. मग रेडिएटर, तेल, जुने रबरी पाइप, म्हणजे इंजिन तापणार नाही. मग क्लच. मग हवा आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची वाट मोकळी करायची. मग पेट्रोलचा पंप आणि पेट्रोल फवारणारे इंजेक्टर. मग गाडीच्या कॉम्प्युटरला या नव्या सामानाची ओळख करून द्यायची. आणि हे सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, टर्बोचा दाब वाढवायचा. आधी पाया, मग कळस.

क्रम चुकीचा होता का? अजिबात नाही. जगातला कुठलाही शहाणा मेकॅनिक हेच सांगेल. हौशी पोरं उलटं करतात, पहिल्याच दिवशी दाब वाढवतात. हवा जास्त, पेट्रोल कमी, इंजिन आतून भाजून निघतं. भोसरीला चारुदत्तच्या डोळ्यांदेखत हे झालं होतं. बडे साहेब बघायला येणार म्हणून वरिष्ठांनी पेट्रोलचं काम व्हायच्या आधीच दाब चढवायला लावला, आणि साहेबांच्या समोर पिस्टनला भोक पडलं. शिव्या चारुदत्तने खाल्ल्या. तेव्हापासून हा माणूस ताकही फुंकून प्यायचा.

पण सुलेखाने दाब वाढवून मागितलाच कुठे होता? तिने पळणारी गाडी मागितली होती, आणि ती पळत होती. हा प्रश्न तेव्हा ना त्याच्या मनात आला, ना तिने तोंडाने विचारला.

न्यू लिनमध्येच सिओने नावाच्या सामोअन माणसाचं गॅरेज होतं. शनिवारी चारुदत्त तिथे जायला लागला. सिओने त्याच्यावर खूष. "सगळे येतात आणि म्हणतात आवाज वाढवून दे," तो म्हणायचा. "ब्रेकपासून सुरुवात करणारा तू पहिलाच, ब्रो." मित्रमंडळींतही तेच. गणपतीला कुणाच्या घरी जमले, की चारुदत्तभोवती हीऽ गर्दी. पुण्याहून आलेले आयटीवाले हातात मोदकाची ताटली घेऊन इंजेक्टरबद्दल ऐकत उभे. माणूस पद्धतशीर आहे हो, असं म्हणत. सुलेखा दुसऱ्या खोलीतून ते ऐकायची.

आणि खरं सांगायचं तर चारुदत्त जिवंत झाला होता. शनिवारी हाताला काळं लावून घरी यायचा, ओट्यापाशी उभा राहून आज काय काय झालं ते सुलेखाला सांगायचा, गुणगुणत आंघोळीला जायचा. पोळी मागून घ्यायचा. श्रियाची थट्टा करायचा. हरवलेला माणूस सापडावा तसं झालं होतं घरात.

पहिला उन्हाळा ब्रेक आणि टायरमध्ये गेला. दुसरा पाइप आणि रेडिएटरमध्ये. दर डिसेंबरात, म्हणजे तिथला उन्हाळा लागला की, सुलेखा विचारायची, "या उन्हाळ्यात जायचं ना?" आणि तो म्हणायचा, "अजून नाही गं. एवढं एक होऊ दे." यात लबाडी नव्हती. खरोखरच एवढं एक राहिलेलं असायचं, आणि ते झालं की पुढचं एक.

दोन हजार पंधराच्या उन्हाळ्यात मात्र तिने त्याला न विचारता ट्रॅकवर नाव घातलं. आदल्या दिवशी ती तेल बघायला बॉनेट उघडून उभी राहिली, तेव्हा चारुदत्तला कळलं.

"नवा क्लच आहे," तो म्हणाला. "अजून बसला नाही तो. हजारभर किलोमीटर शांतपणे चालवल्याशिवाय जोर लावला तर जळून जाईल."

"जळू दे."

"जळू दे काय? दोन वर्षांची मेहनत आहे ही."

"चारू, तुझ्या गाडीला क्रम आहे. माझ्या डोळ्यांना नाही." सुलेखाचा आवाज चढला नव्हता. "मागच्या तपासणीत डावीकडचं कमी झालंय. तू होतास ना बरोबर?"

"थोडंसं झालंय. दहा वर्षं म्हणाले होते ते. तीन झालीत. हातात भरपूर आहे अजून."

श्रिया तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. जिन्यात उभी राहून ती म्हणाली, "डॅड, जस्ट लेट हर ड्राइव्ह इट." तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. चारुदत्त तिच्यावर खेकसला, यातलं तुला काही कळत नाही म्हणून. मग त्याने सुलेखाला क्लच म्हणजे काय ते पहिल्यापासून, कागदावर चित्र काढून समजावलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग फोन करून नाव काढून टाकलं आणि आमटीला फोडणी द्यायला गेली.

क्लच वाचला.

त्यानंतरच्या वर्षात तिची नजर अशी उतरणीला लागली की डॉक्टरांनीही दहा वर्षांची भाषा सोडली. ती कपाटाच्या उघड्या दारावर आपटायला लागली. शेजाऱ्याची लेटरबॉक्स गाडीने पाडली. मग आपण होऊन तिने चालवणं सोडलं आणि हॉस्पिटलला ट्रेनने जायला लागली. चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवला तर तिला तो शोधावा लागायचा. चारुदत्त न बोलता कप मध्ये सरकवायचा. हे सगळं त्याला दिसत होतं, आणि आत कुठेतरी तो घाबरला होता. पण घाबरलेला चारुदत्त काय करतो? तो कामाला लागतो. जपानहून इंजेक्टर मागवले, ते चुकीचे आले, परत पाठवले, त्यात एक उन्हाळा गेला. सिओनेच्या कंबरेचं ऑपरेशन झालं, त्यात एक हिवाळा. दुसऱ्या मेकॅनिककडे जा, असं सुलेखा म्हणाली नाही. चारुदत्तलाही ते सुचलं नाही.

दोन हजार अठराच्या जानेवारीत गाडी पुरी झाली. रोलरवर चाकं फिरवून सिओनेने कॉम्प्युटर जुळवला, दाब वाढवला, आणि आकडे असे आले की दोघं बराच वेळ पडद्याकडे बघत उभे राहिले. "स्वीट ॲज," सिओने म्हणाला, म्हणजे एकदम झकास. चारुदत्तच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी जाऊन त्याने सुलेखाला सांगितलं, फेब्रुवारीतला ट्रॅकचा दिवस घेतलाय.

मार्चमध्ये तपासणी होती, आणि त्या तपासणीत लायसन्स जाणार हे दोघांनाही ठाऊक होतं. आज ते कागदावर होतं एवढंच. हे बरोबर नव्हतं, दुसऱ्यांच्या जिवाशी खेळ होता, आणि हे तिलाही कळत होतं, त्यालाही. पण तो इतका उजळलेला होता आणि तिचं मन इतकं अडकलेलं होतं, की दोघंही गप्प बसले. "हळू चालवणाऱ्यांच्या गटात जाईन," ती म्हणाली. "जाऊया."

ट्रॅकवर सकाळी सगळ्यांना उभं करून झेंडे समजावले. निळा दाखवला की मागून वेगवान गाडी येतेय, तिला वाट द्या. पिवळा म्हणजे सावकाश. लाल म्हणजे सगळे आत या. झेंडे दाखवणारी माणसं वळणावळणावर ट्रॅकच्या कडेला उभी असतात. कडेला. चारुदत्तने ते ऐकलं, मान डोलावली, आणि टायरमधली हवा पुन्हा एकदा तपासायला गेला.

पहिली फेरी सुलेखाने जपून घेतली. दुसऱ्या फेरीत सरळ पट्टा आला आणि तिने पाय दाबला. भिंतीपाशी उभ्या असलेल्या चारुदत्तला तो आवाज आला. त्याने डोळे मिटून घेतले. हवा, पेट्रोल, दाब, सगळं जिथल्या तिथे. कुठे अडखळणं नाही, कुठे खरखर नाही. भोसरीच्या काचेमागेसुद्धा त्याने इतकं निरोगी इंजिन ऐकलं नव्हतं. बायको आयुष्यातली एकमेव मागितलेली गोष्ट करत होती, आणि हा तिच्याकडे बघत नव्हता, इंजिन ऐकत होता.

डोळे उघडले तेव्हा कडेचा माणूस निळा झेंडा जिवाच्या आकांताने हलवत होता. सुलेखाच्या उजव्या अंगाला एक छोटी लाल गाडी पोहोचली होती. सुलेखा सावकाश, अगदी निर्धास्तपणे, तिच्या वाटेत सरकली. लाल गाडी गवतात गेली, गरगर फिरली आणि मातीत रुतून उभी राहिली. लाल झेंडे निघाले. सगळे आत आले. सुलेखा मात्र आणखी एक पूर्ण फेरी मारून आली, कारण तिला एकही झेंडा दिसला नव्हता.

कुणाला लागलं नाही. लाल गाडीवाला तरुण पोरगा होता, चेहरा पांढराफटक. सुलेखाने हेल्मेट काढून त्याचा हात धरून माफी मागितली. "नो वरीज," असं तो म्हणाला खरा, पण हात सोडवून घेऊन मागे सरकला. ती परत गाडीत बसली तेव्हा व्यवस्था बघणारी म्हातारी बाई खिडकीशी वाकली आणि हळू आवाजात विचारलं, झेंडा दिसला होता का? सुलेखा नाही म्हणाली. मग आता बास, असं म्हणून त्या बाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला, मनगटावरची ट्रॅकची पट्टी कात्रीने कापली आणि निघून गेली.

गाडी लांब पार्किंगमध्ये, एका झाडाखाली नेऊन लावली. दोघं आतच बसले. डबा आणला होता तो कुणी उघडला नाही.

"उजवीकडे काहीच नव्हतं रे," सुलेखा म्हणाली. "मोकळं होतं सगळं."

चारुदत्त म्हणाला, "त्या वर्षी जायला हवं होतं. तू नाव घातलंस तेव्हा."

"तेव्हा दिसत होतं मला."

"पण गाडी तयार नव्हती," तो म्हणाला. सवयीने निघून गेलं तोंडातून.

सुलेखा हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. "पापाटोएटोहून मी घरी आणली ना, त्याच दिवशी ती तयार होती. मला तेवढीच पुरे होती, चारू. पुढचं सगळं तुझ्यासाठी होतं."

ते खरं होतं, आणि हे आपल्याला कधीपासून माहीत आहे, हे स्वतःला विचारायची त्याला भीती वाटली.

"मला कळत होतं," ती पुढे म्हणाली. "गाडी पुरी व्हायला तुला नकोच होती. पुरी झाली की परत ते बूट, परत ते तोंड. शनिवारी गॅरेजमधून यायचास तेव्हा तू माणसात असायचास. कितीतरी वर्षांनी नवरा परत आला होता माझा. मग मी म्हणायचे, देऊया याला अजून एक उन्हाळा. मला वाटलं, माझ्याकडे आहेत तेवढे."

"मग सांगायचंस ना गं मला."

"सांगत होते की," सुलेखा म्हणाली. "दर उन्हाळ्यात."

उन्हं कलायला लागली तसे ते निघाले. गाडी आता चारुदत्त चालवत होता. हायवेवर चढायच्या रॅम्पपाशी सुलेखाने डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले.

"इथे तरी दाब एकदा," ती म्हणाली. "आवाज ऐकू दे मला. तेवढं अजून येतं."

"इंजिन थंड पडलंय," तो म्हणाला. "तेल जरा गरम होऊ दे. मग."

"बरं."

आपण काय बोललो ते चारुदत्तला त्या 'बरं'नंतर ऐकू आलं. त्याने पाय खाली नेला, पण रॅम्प संपला होता, आणि पुढे शनिवारची सगळी गर्दी एकाला एक लागून ऑकलंडकडे सरकत होती.